दोन डेसिबल खाली

पट्टी खाली होती. फार नाही, नखभर. कुरालायनं आधी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली, मग पुन्हा चष्मा पुसला, तरी ती आवाजाची पट्टी होती तिथेच होती. शेजारच्या दोघींपेक्षा नखभर खाली, आणि तिच्या पायाशी बारीक आकड्यांत लिहिलेलं उणे दोन. फाइल सहा वर्षांपूर्वीची, तीन वाद्यांच्या तुलनेची. उघडली होती कशासाठी, तर त्यातली एक छोटी धून उचलून नव्या व्हिडिओत टाकायला. पाच मिनिटांचं काम. बाहेर एप्रिलची सकाळ कशी झकास उजाडली होती, ट्रॉलीबसच्या तारा उन्हात चमकत होत्या, डोंगरांवरचा बर्फ खिडकीत टांगल्यासारखा जवळ आला होता, खालच्या मजल्यावरची बाई गालिचा बडवत होती, आणि कुरालाय मात्र आपल्या खुर्चीत अशी बसली होती की जणू कोणीतरी तिच्या नावाचं पत्र चुकून दुसऱ्याच्या पेटीत टाकलं होतं आणि ते आज, इतक्या वर्षांनी, उघडं पडून सापडलं होतं. उणे दोन. आता दोन डेसिबल म्हणजे असून असून किती? गालिच्याचा एक दणका कितीतरी मोठा. पण तिचं पोट ज्या धंद्यावर चालतं त्या धंद्याचा पहिला नियमच हा, आणि तो ती प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला बोट नाचवत सांगायची, लहान मुलांना हात धुवायला सांगावं तसं: तुलना करायची तर आधी पातळी सारखी करा. कारण माणसाचा कान लबाड आहे. एक आवाज दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असेल तर तो कानाला मोठा वाटतच नाही. तो चांगला वाटतो, जवळचा, उबदार, जिवंत वाटतो. आणि जो किंचित हळू असतो तो हळू वाटत नाही. तो मेलेला वाटतो.

त्या तुलनेत तीन सिंथ होते. सिंथ म्हणजे कॉम्प्युटरच्या आत राहणारं वाद्य. ना लाकूड, ना तार, नुसते आकडे, आणि त्या आकड्यांतून जगात कधीच नसलेले आवाज घडवायचे. पण आवाज घडवून भागत नाही, तो हलवावा लागतो. नुसता उभा आवाज दोन सेकंदांत कंटाळवाणा होतो, फ्रिजच्या घरघरीसारखा; त्याला आतून कोणीतरी ढोसत राहावं लागतं, कधी उजेडात आणावं, कधी अंधारात ढकलावं. ह्या ढोसण्याला मॉड्युलेशन म्हणतात, आणि कुरालायच्या मते कुठल्याही सिंथची खरी जात तिथेच कळते. अमेरिकन सिंथमध्ये सगळं डोळ्यांना दिसायचं: इथून रंगीत तार ओढा, तिथे सोडा, की ही लाट त्या बटणाला हलवायला लागलीच, बत्तीस तारा ओढल्या तरी गुंता व्हायचा नाही. जर्मन सिंथ सरकारी फॉर्मसारखा, नुसते रकाने आणि आकडे, पण एकदा भरला की आवाज असा निघायचा की लोण्यात सुरी. दोघांचीही एकच खोड होती. त्यांची लाट फिरून फिरून तिथेच यायची. आठव्या सेकंदाला जे झालं तेच सोळाव्याला, आणि कानाला एकदा ते कळलं की आवाजाचा जीव गेला. तिसरा सिंथ तिच्या कॉलेजातल्या मित्राचा, बेकझातचा होता, त्याचं नाव 'झेल', म्हणजे वारा. त्यात ना तारा होत्या ना रकाने. बेकझातचा मामा झालानाशकोलच्या हवामान केंद्रावर नोकरीला होता. ती चिनी सीमेवरची खिंड, जिथला वारा उभी माणसं आडवी करतो. तिथले तीन वर्षांचे वाऱ्याचे आकडे, दर दहा सेकंदांना एक, बेकझातनं मामाकडून पेनड्राइव्हवर आणले आणि सिंथच्या आत ओतले. झेलमधला आवाज त्या वाऱ्यानं हलायचा. कधी तासभर नुसता श्वास, कधी अचानक एक झोत, आणि एक झोत दुसऱ्यासारखा कधीच नाही. एका माणसानं, एका खोलीत, दोन वर्षं खपून हे केलं होतं. आणि कुरालायनं सारा देश बघतो त्या आपल्या चॅनेलवर तिन्ही आवाज एकामागून एक वाजवले, मान तिरकी केली, आणि म्हणाली, "झेलमध्ये वारा आहे हो, पण खिडकी बंद आहे!"

काय टाळी पडली होती त्या वाक्याला. लोकांनी त्याचे फलक केले, स्टिकर केले, एकानं तर टी-शर्ट छापला. झेल विकत घेणारे हात आखडले, हॅम्बुर्गची एक कंपनी बेकझातशी बोलणी करत होती तिचं गोडगोड भाषेतलं पत्र आलं, की तूर्तास नको. वर्षभरात झेल बंद. आता बेकझात सुपरमार्केटच्या तराजूंचे प्रोग्राम लिहितो. भाजी ठेवली, वजन झालं, की तराजू टुंग करतो ना, तो टुंग त्याचा. तो स्वतःच सांगतो, "माझे आवाज आता अख्खं अल्माटी ऐकतं बाबा! रोज, टोमॅटोबरोबर." आणि हसतो. जेवायला चार मित्र जमले, कुठलं दार अडलं, कुठली बाटली उघडेना, की बेकझातच आधी ओरडतो, "खिडकी बंद आहे!" आणि सगळ्यांत जोरात तोच हसतो. हसेल नाहीतर काय करेल? ते दोघं कुर्दास आहेत. एकाच वर्षी, सापाच्या वर्षी, जन्मलेले. कुर्दासानं कुर्दासाला काहीही बोलावं. टकल्या म्हणावं, ढेरपोट्या म्हणावं, तुझी बायको पळून जाईल म्हणावं, आणि समोरच्यानं त्याहून तिखट उत्तर द्यावं. रागावला तो हरला. नुसता हरत नाही, चारचौघांत हलका होतो, ह्याला गंमत कळत नाही असा शिक्का घेऊन फिरतो. कॉलेजपासून दोघं असे एकमेकांना सोलत आले होते आणि कुरालायला आजवर वाटायचं की ह्याइतकी मोकळी मैत्री जगात नाही. सगळंच तर बोलतो आपण! आज त्या उणे दोनकडे बघताना तिला पहिल्यांदाच वाटलं, की ज्या दोघांना सगळं बोलायची मुभा आहे त्यांना एकच गोष्ट बोलायची मुभा नाही. 'मला लागलं.' एवढीच.

आणि फोन वाजला तो त्याचाच. असं गोष्टीत झालं असतं तर ती म्हणाली असती, काहीतरीच.

"काय म्हातारे, जिवंत आहेस?"

"तुला पोचवल्याशिवाय कशी जाईन?" तिच्या तोंडानं आपोआप उत्तर दिलं. तोंडाला सवय होती.

"रविवारी ये आईकडे. पोरगी चालायला लागली, तोमिरिस. म्हणजे चालते कसली, दारू प्यायलेल्या उंटासारखी झुलते. पण आईला धीर नाही. पायातला दोर कापायचाय."

"येते की. काय आणू?"

"काही नको. दोर तू कापायचास."

पहिली पावलं टाकणाऱ्या पोराच्या दोन पायांत काळ्या-पांढऱ्या पिळाचा दोर बांधतात आणि तो कापणाऱ्याची चाल पोराला लागते म्हणतात. नुसती पायांची नाही, जगण्याची चाल. म्हणून माणूस पारखून निवडतात. आणि दोर काळा-पांढरा असतो तो अशासाठी, की पोरानं आयुष्यात काळं-पांढरं ओळखावं, दुसऱ्याच्या वाट्याचं घेऊ नये.

"मी? तुमच्या खानदानात कात्री धरता येणारं कोणी उरलं नाही?"

"आईनं आठ नावं काढली. एकीचे गुडघे गेलेत, एक जिथे जाईल तिथे भांडते, एकीची नवऱ्याशी कोर्टात केस चालू आहे. मी म्हटलं, कुरालाय."

"पण का?"

"तुझ्या टांगा लांब आहेत ना," तो म्हणाला, आणि हसला.

तेव्हाच सांगायचं होतं. ऐक, मला आत्ताच एक गोष्ट दिसली आहे. एवढं म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं. पण ती म्हणाली, "कात्रीला धार लावून ठेव. तुझ्या विनोदांसारखी बोथट नको," आणि त्यानं तिकडून कुत्र्यासारखं भुंकून दाखवलं, आणि फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ त्या काळ्या पडलेल्या पडद्यात आपलंच तोंड बघत राहिली.

मग तिनं ती पट्टी वर सरकवली. दोघींच्या रांगेत आणली. हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि तिन्ही आवाज पुन्हा वाजवले. अमेरिकन, चमकदार, दात घासून आलेला. जर्मन, लोणी. आणि मग झेल. आधी नुसता एक सूर, राखाडी, कुठे दूर. मग त्या सुराच्या कडेला काहीतरी हललं, गवतातून काही सरकावं तसं, थांबलं, कानाला वाटलं आता परत तसंच होणार, आणि तसं झालं नाही. सूर उघडला, भलतीकडून उघडला, आत एक प्रचंड मोकळी जागा होती आणि त्या जागेत थंडी होती. कुरालायच्या दंडावर काटा उभा राहिला. तिघांत सरस कोण हे सांगायला कान लागत नव्हते, नुसती कातडी पुरत होती. हे लोकांना ऐकू गेलं नव्हतं, कारण त्या आवाजाची सगळी जादू त्याच्या बारीक हालचालीत होती, आणि पातळी खाली केली की सगळ्यात आधी जातं ते बारीक.

आता प्रश्न एकच उरला, आणि तो तिनं तीन दिवस तोंडातल्या फुटक्या दातासारखा जिभेनं चाचपला. पट्टी खाली गेली कशी? उत्तर तर तिला लगेच आठवलं होतं, अगदी पहिल्या मिनिटाला. दूध! त्या दिवशी रेकॉर्डिंगआधी झेलचा आवाज फाटत होता, म्हणून तिनं तात्पुरता खाली केला, नंतर पुन्हा वर करायचा होता, तेवढ्यात चहाचं दूध उतू गेलं, ती स्वयंपाकघरात पळाली, परत येऊन सरळ रेकॉर्डिंगला बसली. किती साधं. कोणाचंही होतं. दूध उतू जाण्याचा तो करपट वास, ओट्यावरून खाली ओघळणारी पांढरी रेघ, फडकं सापडेना म्हणून पायातला मोजा काढून पुसलेलं, सगळं कसं लख्ख दिसत होतं. शुक्रवारचा अख्खा दिवस ती त्या दुधाच्या आधारानं जगली. भाजी आणली, तराजू टुंग झाला तेव्हा दचकली, पण जगली. शनिवारी सकाळी फाइलच्या तारखेवर तिचा डोळा गेला, सतरा मे, आणि तिला आठवलं की त्या मे महिन्यात इमारतीचे गॅसचे पाइप बदलत होते. महिन्याच्या मधले दोन आठवडे कोणाच्याच घरी शेगडी पेटली नव्हती. ती विजेच्या किटलीवर काळा चहा करून पीत होती आणि सगळ्यांना रडून सांगत होती, की दुधाशिवायचा चहा म्हणजे काय चहा आहे का. दूध उतू गेलं होतं हे खरं, मोजाही खरा. पण ते कुठल्यातरी दुसऱ्याच दिवसाचं दूध होतं. मनानं ते तिथून उचलून इथे आणून ठेवलं होतं, आणि इतक्या सफाईनं ठेवलं होतं की जोड दिसत नव्हता.

मग त्या दिवशी काय होतं? सकाळ होती. तिघांची पातळी मोजायला मीटर लावला होता; दोघांची मोजल्याचं तिला आठवत होतं. माउस गार होता. आणि तिसऱ्या आवाजाच्या वेळी पोटात काहीतरी झालं होतं, तेही आठवत होतं, फक्त काय झालं ते आठवत नव्हतं. आठवत होती भलतीच गोष्ट. त्याच्या दोन महिने आधी तिनं झेलसाठी चाळीस आवाज करून दिले होते. ह्या धंद्यात आवाज करणारा त्या आवाजाच्या नावापुढे आपल्या नावाची दोन अक्षरं लावतो. पैसे मिळोत न मिळोत, ती दोन अक्षरं जगभर फिरतात, तेवढीच सही. बेकझातनं चाळीसमधले बारा ठेवले आणि ते ठेवताना तिची अक्षरं काढून टाकली. का, तर सगळ्या आवाजांना नुसती गावांची नावं हवी होती, यादी नीटस दिसायला हवी होती. ती त्याला म्हणाली होती, "माझं नाव खाल्लंस, पचलं का रे?" आणि तो म्हणाला होता, "मीठ कमी होतं." आणि दोघंही खुर्चीवरून पडेपर्यंत हसली होती. किती हसली होती! गालाला रग लागली होती. ती रग तिला आत्ताही गालात जाणवली. त्या हसण्यात आपण काय गिळलं होतं ते कळायला माणसाला सहा वर्षं लागावीत? की तेव्हाच कळलं होतं, आणि कळल्याबरोबर हात पट्टीकडे गेला होता? हात. तिनं उजवा हात टेबलावर पालथा ठेवून बघितला. साधा हात, अंगठी नाही, नखं कुरतडलेली. ह्याला विचारून काय सांगणार होता?

रविवारी ती गेली. आठवड्यात पहिल्यांदाच ढग आले होते. कुल्याश आपांचं, म्हणजे बेकझातच्या आईचं घर शहराच्या खालच्या अंगाला, चौथ्या मजल्यावर. जिन्यातच उकडलेल्या मांसाचा आणि बाउरसाकांचा, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, वास दाटला होता. दारात आपांनी तिला पोटाशी धरलं. "कुरालाय, लेकी, किती वाळलीस! ते कानाला लावून बसतेस त्यातून जेवण जातं का पोटात?" आतून बेकझातची बायको गाउहार ओरडली, "आपा, तिला आत तरी येऊ द्या! अगं कुरालाय, पांढरे मोजे? आज लेकीला तुझी चाल लागणार आहे आणि तू पांढरे मोजे घातलेस? काळेकुट्ट होतील ते!" सगळ्या हसल्या. तोमिरिस आत्याच्या मांडीवर बसून एक बाउरसाक दोन्ही हातांनी दाबत होती. तिनं कुरालायकडे बघितलं, बाउरसाक तिच्यापुढे धरला आणि ती घ्यायला वाकताच मागे ओढला. पुन्हा हशा. "बघ, बापावर गेली!" कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात आकाशी शर्टाच्या बाह्या वर करून बेकझात आला, म्हणाला, "आली का टांगाळी! चल, गॅलरीतलं टेबल उचलायला मदत कर, फुकट जेवतेस काय." ती त्याच्या मागे काचा लावलेल्या छोट्या गॅलरीत गेली. लोणच्यांच्या बरण्या, जुनी स्की, घडीचं टेबल. दार लोटलं गेलं आणि आतला गलका एकदम हळू झाला. किती डेसिबल, हे तिच्या कानानं तिला न विचारताच मोजलं.

"बेकझात, ती आपली तुलना. झेलची. त्यात झेलची पातळी खाली होती. दोन डेसिबल."

तो टेबलाचा पाय उलगडत होता. पाय अडकला होता. "दोन पूर्णांक एक," तो म्हणाला.

आत कोणीतरी डोंब्र्याच्या दोन तारा सुरात लावत होतं.

"तुला माहीत होतं?"

"दुपारी व्हिडिओ आला. चार वाजेपर्यंत मोजून झालं होतं माझं." पाय सुटला. त्यानं दुसरा धरला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? 'कुर्दास, तू माझ्यावर अन्याय केलास'? तूच म्हणाली असतीस, बघा, रडूबाई. आणि तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. वर तुझ्या नावानं एक गाणं रचलं असतं."

"मी सगळं सांगणार आहे लोकांना. नवा व्हिडिओ तयार आहे, पातळी सारखी करून. झेल सरस आहे, बेकझात. दोघांपेक्षा सरस आहे. चुकून झालं ते माझ्याकडून. तुझा आवाज फाटत होता म्हणून खाली केला आणि दूध उतू गेलं म्हणून..."

त्यानं टेबल सोडलं. इतकी वर्षं ती त्याचा चेहरा ओळखत होती, पण हसू उतरलेला हा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. तो म्हातारा नव्हता, दुःखीसुद्धा नव्हता. नुसता मोकळा होता, भाडेकरू सोडून गेलेल्या खोलीसारखा.

"दूध?" तो म्हणाला.

"दूध," ते त्या दिवसाचं नव्हतं हे माहीत असूनही ती म्हणाली.

"मग दोर नको कापूस."

"म्हणजे?"

"गाउहार कापेल. नाहीतर ती कोर्टकेसवाली." तो लोणच्याच्या एका बरणीचं झाकण उगाच घट्ट करत राहिला. "तुला मी का बोलावलं माहीत आहे? आईला सांगितलं, कुरालाय हुशार आहे, नाव काढलंय तिनं. गाउहारला सांगितलं तेच. खरं म्हणजे मला माझी पोरगी माझ्यासारखी नको आहे. मी हसत बसतो. कोणी पायावर पाय दिला तरी हसतो. तू तशी नाहीस. मी तुझी अक्षरं काढली, तू हसलीस आणि दोन महिन्यांत मला उभा कापलास, आणि तरी हसत राहिलीस. मी म्हटलं, ही चाल लागू दे माझ्या लेकीला. अशा पोरीला कोणाच्या बापाच्यानं मारवत नाही."

"अक्षरं तू यादीसाठी काढली होतीस."

"छे! यादी कसली. तुझे बारा आवाज माझ्या सगळ्या आवाजांपेक्षा चांगले होते. लोकांनी म्हटलं असतं, झेल कुरालायचा आहे." तो हे तराजूच्या प्रोग्रामबद्दल सांगावं तसं सांगत होता. "मुद्दाम काढली. म्हणून तर मला कळलं, की तूही मुद्दाम केलंस. माणूस आपल्यावरून ओळखतो. आणि तुला सांगतो, मला राग आला, पण बरंही वाटलं. सहा वर्षं मी त्याच्यावर काढली आहेत. रात्रंदिवस टुंग टुंग करणाऱ्या त्या तराजूंत बसून मी स्वतःला सांगतो, की एवढा मोठा कान, सगळ्या देशात ज्याला मानतात तो, माझ्या वाऱ्याला घाबरला. घाबरला म्हणून त्यानं पट्टी खाली ओढली. आणि तू मला सांगतेस, दूध?" आता त्याचा आवाज पहिल्यांदा हलला, बारीक हलला, एखाद्याला ऐकूही आला नसता. "झेल दुधापायी मेला? ते नको, कुरालाय. व्हिडिओ टाक, नको टाकूस, मला फरक पडत नाही, लोक म्हणतील बिचारा, आणि दुसऱ्या दिवशी विसरतील. पण ते दूध मला नको देऊस. ते मला पेलणार नाही."

आतून आपांची हाक आली. "बेकझात! अरे टेबल आणतोयस की झाड तोडून बनवतोयस? पोर झोपेला आली!"

"आलो, आई!" तो ओरडला, आणि ते ओरडणं पुन्हा त्याचं नेहमीचं होतं, खिदळणारं. त्यानं टेबल खांद्यावर घेतलं. दाराशी थांबला. तिच्याकडे बघितलं नाही.

कुरालायनं हिशेब केला नाही. करायला वेळही नव्हता. तिला एवढंच कळलं की समोरच्या माणसाला एक गोष्ट हवी आहे आणि ती आपल्याजवळ आहे. खरी का खोटी ते नंतर बघता येईल, भुकेल्याला देताना कोणी बाउरसाक मोजतं का? दयेनंच बोलायचं तिनं ठरवलं. एक खोटं, त्याच्यासाठी, सहा वर्षांचं भाडं म्हणून.

"मुद्दाम केलं," ती म्हणाली. "तिन्ही एकदा ऐकले आणि कळलं, तुझा सरस आहे. म्हणून खाली ओढला."

तो वळला. त्याचे खांदे खाली आले. टेबल इतकं जड होतं हे तेव्हाच कळलं. डोळे भरले होते, आणि तो हसत होता, आणि ह्या हसण्यात कुर्दासाचं काही नव्हतं. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "चल. कात्रीला धार लावली आहे."

दिवाणखान्यात पांढरं कापड अंथरलं होतं. त्याच्या एका टोकाला तोमिरिस, दोन्ही काखांतून धरून उभी केलेली, लाल मखमलीच्या जाकिटात, पायांत तो काळा-पांढरा पिळाचा दोर. दुसऱ्या टोकाला गाउहार हात पसरून बसलेली. सगळे फोन वर करून उभे. "कुरालाय, पटकन गं, ही लाथा झाडतेय!" कोणीतरी कात्री तिच्या हातात दिली. ती गुडघ्यांवर बसली. एवढ्या गलक्यात ती एकटीच काहीतरी दुसरं ऐकत होती. तिचं स्वतःचंच वाक्य होतं ते, गॅलरीत बोललेलं, आत्ताच, अजून ऊब असलेलं. सवयच होती तिला. कुठलाही आवाज एकदा ऐकून भागत नसे, परत वाजवायचा, परत वाजवायचा, जोड कुठे आहे ते शोधायचं. दयेपोटी बोललेलं खोटं कसं वाजतं हे तिला माहीत होतं, शेवटाला जरा गोड होतं, जरा उंच जातं. 'तिन्ही एकदा ऐकले आणि कळलं.' तिनं ते पुन्हा ऐकलं. 'तुझा सरस आहे. म्हणून खाली ओढला.' कात्रीची पाती दोराच्या दोन्ही बाजूंनी आली. पुन्हा ऐकलं. माउस गार होता. पोटात जे झालं होतं त्याचं नाव आता तिला सांगता आलं असतं.

दोर तुटला. आपांनी मूठभर खाऊच्या गोळ्या उधळल्या, पोरं टोळासारखी त्यांच्यावर पडली, आणि तोमिरिस कोणाकडेही न बघता, एकदाही न झुलता, सरळ रेषेत चालत सुटली. "बघा, बघा, कशी चालते!" बेकझात ओरडत होता. कुरालाय कात्री हातात धरून गुडघ्यांवरच बसली होती, मान तिरकी करून, कान देऊन. वाक्यात खोट कुठेच वाजत नव्हती.